टोड, स्लॉब, बूनर : विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात हरणाचं कौतुक कसं करावं

नोव्हेंबरातला तिसरा किंवा चौथा सोमवार. आमच्या कारखान्यातली निम्मी मशीनं बंद, आणि जे कामावर आलेत ते कँटीनमध्ये एकमेकांच्या नाकापुढे फोन धरून उभे. फोटो सगळ्यांचा एकच : पुढे मेलेलं हरीण, मागे झगझगीत केशरी जाकिटातला माणूस, चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद. अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी उघडतो, नंतरच्या रविवारी मिटतो. पाच लाखांवर लोक परवाना काढतात. या नऊ दिवसांत तुम्हाला हरणावर बोलता आलं नाही, तर हवामानावर बोलत बसा.

पहिल्या वर्षी फोरमनने मला असाच फोटो दाखवला. मी म्हणालो, "बिग डिअर." तो "हं" म्हणाला आणि फोन घेऊन पुढच्या टेबलावर गेला. तिथल्या वेल्डरने नुसता फोटो बघितला, शिट्टी घातली आणि म्हणाला, "डँग, दॅट्स अ टोड." फोरमन असा फुलला की विचारू नका. टोड म्हणजे बेडूक, तोही अंगावर गाठी असलेला. मी खरं बोललो तर तो उठून गेला, आणि वेल्डरने हरणाला बेडूक म्हटलं तर खूश!

मी आटपाडीकडचा, खिलार जनावरांच्या मुलखातला. पोटापाण्याला क्वालिटी इन्स्पेक्टर. बंदूक कधी हातात धरली नाही, धरायची हौसही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार हा गुन्हा, त्यामुळे शिकाऱ्यांची बोली माझ्या पिढीच्या कानावर पडलीच नाही. इथे मात्र अकरा हंगाम ती रोज ऐकतोय. नव्या आलेल्या मराठी पोरांना दरवर्षी कॉफीच्या मशीनपाशी जे सांगतो, ते एकदाचं लिहून काढतो.

सुरुवात एका सवयीपासून करा. क्वालिटीत कुणी "हा पार्ट मोठा आहे" म्हणाला की आम्ही विचारतो, कुठे मोठा? व्यास, लांबी, की वजन? मोठ्या हरणाच्या शब्दांचंही तसंच. इथे "मोठं" म्हणायला पन्नास शब्द असतील, पण प्रत्येकाची मोजपट्टी निराळी : शिंगांची टोकं, शिंगांचे इंच, अंगाचं वजन किंवा वय. काहींना मोजपट्टीच नाही, तो नुसता आ वासलेला असतो. समोरचा कुठल्या पट्टीने बोलतोय ते ओळखलं की निम्मं काम झालं.

त्याआधी एक बारीक गोष्ट. कौतुक करताना "डिअर" म्हणायचंच नाही. डिअर ही जात झाली. नर तो बक, मादी ती डो, पिल्लू ते फॉन. कौतुकाचा सगळा बाजार बकचा. (डॉलरला बक म्हणतात तेही इथूनच आलं. अठराव्या शतकात हरणाच्या कातड्यावर देवघेव चालायची. आणि मिलवॉकीचा बास्केटबॉलचा संघ १९६८पासून बक्सच आहे.) डोला शिकारी "स्लिकहेड" किंवा "बाल्डी" म्हणतात, म्हणजे गुळगुळीत डोक्याची किंवा टकली. त्यात अपमान नाही. बटन बक मात्र दुखरी जागा. हे वर्षाच्या आतलं नर पिल्लू, शिंगांऐवजी कातडीखाली दोन गुंड्या. लांबून मादीसारखं दिसतं, म्हणून चुकून मारलं जातं. ज्याच्या हातून तसं झालंय त्याला "बटन" हा शब्द पुढच्या नोव्हेंबरपर्यंत ऐकवला जातो. तुम्ही ऐकवू नका, तुमची तेवढी ज्येष्ठता झालेली नाही.

आता पहिली पट्टी, टोकं. इथला पहिला प्रश्न "कसा होता?" असा नसतो, "किती पॉइंट?" असा असतो. दोन्ही शिंगांची सगळी टोकं मोजायची, डोळ्यांवरची दोन आखूड टोकंसुद्धा. त्यांना ब्राउ टाइन म्हणतात. नुसत्या दोन सुळ्यांचा तो स्पाइक, दोन्हीकडे बेचकी असलेला फोर्की. सहा पॉइंट, आठ पॉइंट, आणि दहाला पोचला की आवाज खाली येतो, आदराने. टोक कशाला म्हणायचं यावर भांडणं होतात. जुने लोक सांगतात, ज्यावर अंगठी अडकेल ते टोक. अधिकृत नियमात ते किमान एक इंच लांब हवं आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी. मी अर्थातच अधिकृत नियमाच्या बाजूचा. अंगठी कुणाची, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय.

या पट्टीत एक खड्डा आहे. पश्चिमेकडे, रॉकी पर्वतांच्या राज्यांत, एकाच बाजूची टोकं मोजतात, आणि म्यूल डिअर या त्यांच्या मोठ्या कानांच्या हरणाच्या मोजणीत ब्राउ टाइन बऱ्याचदा धरतच नाहीत. आमच्याकडे मोंटानाहून बदली होऊन आलेल्या एकाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, गेल्या साली मी एक जबरदस्त फोर-पॉइंट मारला. टेबलावरच्यांनी सभ्यपणे "अरे वा" म्हटलं आणि सँडविचकडे वळले. त्यांच्या हिशोबाने ते पोरगेलं हरीण. प्रत्यक्षात त्या दोन शिंगांचा पसारा त्याच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. हा घोळ टाळायला पश्चिमेकडचे बरेचदा "फोर-बाय-फोर" म्हणतात. माणूस कुठला आहे ते आधी विचारा, मग आकडा ऐका.

आणि टोकं जास्त म्हणजे बक मोठा असंही नाही. आठ टोकं आहेत पण शिंगं अरुंद, बारीक, दोन ओंजळींत बसतील अशी, तर तो बास्केट रॅक. टोपलीएवढा. रॅक म्हणजे शिंगांची जोडी. या शब्दाकडे पुन्हा येतो, माझी एक जखम आहे तिथे.

दुसरी पट्टी इंचांची, आणि इथे मी खरा रमतो. कुणी "वन-फिफ्टी" म्हणाला तर ते वजन नव्हे. तो बेरीज सांगतोय. मुख्य दोन दांड्यांची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, दर शिंगाचा चार ठिकाणचा घेर, आणि दोन शिंगांमधलं आतलं अंतर, हे सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करायची. ही पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये हा क्लब काढला. मापणारा अधिकृत हवा, पट्टी पोलादी हवी, आणि शिंगं साठ दिवस वाळलेली हवीत, कारण वाळताना ती आक्रसतात. हा नियम कळला त्या दिवशी माझ्या मनातलं या लोकांचं स्थान उंचावलं. आमच्याकडे गरम पार्ट मोजणाऱ्याला मी अजून ओरडतो.

नेहमीच्या घडणीच्या शिंगांची ही बेरीज १७० झाली की क्लबच्या कायमच्या नोंदवहीत नाव लागतं. म्हणून असा बक तो "बूनर". धनुष्यबाणवाल्यांचा क्लब वेगळा, पोप अँड यंग, त्यांची पायरी १२५. तो पार केलेला "पोप". चर्चचा काही संबंध नाही, मी विचारून खात्री केलीय. बूनर हा शब्द जपून वापरा. फोटो बघून "बूनर!" असं ओरडलात आणि निघाला १४२, तर मालकालाच कानकोंडं होतं. "इज ही पुशिंग वन-फिफ्टी?" असं विचारावं, दीडशेच्या आसपास जातोय का? अंदाज जरा चढा, पण थापेबाज नाही.

बेरजेनंतर वजाबाकी असते. डावं-उजवं जुळत नसेल तर फरक कापतात, वेडीवाकडी टोकंही कापतात. कापण्याआधीचा आकडा ग्रॉस, नंतरचा नेट. शिकारी नेहमी ग्रॉस सांगतो. नेट विचारलंत तर उत्तर ठरलेलं : "नेट मासे धरायला असतं."

ही वेडीवाकडी टोकं म्हणजे स्वतंत्र प्रकरण. आमच्या आजोबांना खिलाराचं एक शिंग बोटभर जरी तिरपं वाटलं तर ते बैलाभोवती दुसरी फेरी मारत नसत. इथे मात्र तिरपेपणाचेही भक्त आहेत. खाली लोंबणारं टोक म्हणजे ड्रॉप टाइन, बाजूला फुटलेलं ते किकर, बारीक खुंटी म्हणजे स्टिकर. आणि हे सगळं भरपूर असेल तर कौतुकाने म्हणतात, "ही'ज गॉट ट्रॅश." कचरा आहे त्याच्यावर! अशा शिंगांना नॉन-टिपिकल म्हणतात आणि त्यांची नोंदवही वेगळी ठेवतात.

इंचांचं वेड विस्कॉन्सिनला का लागलं ते समजायला एक गोष्ट माहीत हवी, ती इथे कुणीही सांगेल. १९१४मध्ये राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डॅनबरीजवळ, जेम्स जॉर्डनने एक बक मारला. डोकं पेंढा भरायला दिलं. ज्याला दिलं तो कारागीर गाव सोडून मिनेसोटात गेला आणि शिंगं त्याच्याबरोबर गेली. पुढे काही दशकांनी ती तिथल्याच एका जुन्या सामानाच्या विक्रीत तीन डॉलरला निघाली. मोजल्यावर भरली २०६ १/८, जागतिक विक्रम. पण मारणारा म्हणून नाव कुणाचंच नाही. जॉर्डन सांगत राहिला की तो माझा बक. १९७८च्या डिसेंबरात क्लबने मान्य केलं. जॉर्डन त्याच्या दोन महिने आधीच वारला होता. हा विक्रम पुढे १९९३मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवानच्या मायलो हॅन्सनने मोडला, २१३ ५/८ने. पण इथे "जॉर्डन बक" म्हटल्यावर टेबलावरचा आवाज अजून बदलतो. हे दोन शब्द योग्य जागी टाकता आले तर कुणी तुम्हाला परका म्हणणार नाही.

तिसरी पट्टी अंगाची. टोड, हॉग, टँक, स्लॉब, ब्रूझर, डुकरापासून रणगाड्यापर्यंत सगळं यात. यातल्या टोड आणि स्लॉबची गंमत अशी की अर्थ मुळात अंगाचा, पण हल्ली शिंगांसकट अख्ख्या बकलाच म्हणतात. स्लॉब म्हणजे गबाळा, अजागळ माणूस. शिवी वाटते, पण सांगलीकडे "लय बेक्कार बॅटिंग केली गड्या" म्हणतो तेव्हा आपण तरी काय करतो? स्वॉम्प डाँकी हा माझा आवडता. दलदलीत राहणारा, गाढवाएवढ्या अंगाचा जुना नर. हा शब्द निघाला की समजा, शिंगांविषयी सांगण्यासारखं फारसं नसेल, पण ओढून आणताना दोघांच्या कमरा गेल्या. इथे वजन विचारायचं ते "ड्रेस्ड", म्हणजे आतडी काढल्यानंतरचं. जिवंत वजनातला साधारण पाचवा हिस्सा तिथेच जंगलात राहतो. ईशान्येकडे मेन राज्यात तर इंचांपेक्षा वजनालाच मान. तिथे ड्रेस्ड दोनशे पौंड भरला की तो मोठा, मग शिंगं कशीही असोत.

चौथी पट्टी वयाची, आणि ती आटपाडीच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. इथले लोक हरणाचं वय दीड, अडीच, साडेतीन असं अर्ध्यात सांगतात, कारण पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाला जन्मतात आणि शिकार नोव्हेंबरात. जबड्यातला एक दात पाहून ओळखतात. दीड वर्षाच्या हरणाची तिसरी दाढ अजून दुधाची असते, तीन उंचवट्यांची. ती पडून दोन उंचवट्यांची येते. फोरमन हे मला मोठ्या गुपितासारखं दाखवत होता. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे खरसुंडीच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कुणी बैलाच्या किमतीवर बोलतच नाही. एकही पक्का दात नाही तो आदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, आणि सगळे आले की जुळलेला. त्याने ते शब्द तळहातावर पेनाने लिहून घेतले.

म्हाताऱ्या बकला टेक्सासकडे "मॉसीहॉर्न" म्हणतात, शिंगांवर शेवाळ साठलेला. मूळचा हा शब्द हरणांचा नव्हे, लांब शिंगांच्या म्हाताऱ्या बैलांचा. गुराख्यांकडून शिकाऱ्यांकडे आला. हे वाचलं तेव्हा मला उगाचच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. त्याच टेक्सासच्या दक्षिण टोकाला स्पॅनिश बोलीतून आलेलं "म्युय ग्रांदे" ऐकाल, म्हणजे फार मोठा. फ्रीअर गावात याच नावाची हरणांची स्पर्धा १९६५पासून भरते. आणि कधी स्कॉटलंडचा माणूस भेटला तर तिथली लाल हरणं टोकांवरून पदव्या घेतात : बारा टोकांचा रॉयल, चौदाचा इंपीरियल, सोळाचा मोनार्क. तिथे बेडूक-गाढव चालत नाही.

उरले ते निर्णयाचे शब्द. "शूटर" म्हणजे मारणारा नव्हे, मारण्याजोगा बक. कुणाचा शूटर कोणता हे ज्याचं त्याचं. एकाला आठ पॉइंट पुरतो, दुसरा साडेचार वर्षांखालच्याकडे बघत नाही. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात उन्हाळाभर दिसलेले बक "हिट लिस्ट"वर जातात. भिंतीवर लावण्याजोगा तो "वॉलहँगर". यांच्या मधोमध एक समजूतदार पंथ आहे, त्यांचं म्हणणं, "शिंगं शिजत नाहीत." त्यांच्याशी माझं चांगलं जमतं.

आता प्रत्यक्ष फोटो समोर आल्यावर काय करायचं. फोन हातात घ्या, दुरून मान डोलावू नका. बोटांनी मोठा करा. आधी कान बघा. सावध उभ्या असलेल्या बकच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत सोळा इंचांच्या आसपास अंतर असतं, शिंगं त्याबाहेर गेली असतील तर "ही'ज आउटसाइड द इअर्स" म्हणा. हे एक वाक्य मी वर्षाला वीस वेळा खपवतो. फोटोतला माणूस हरणाच्या फार मागे बसून हात लांब करून डोकं पुढे धरत असेल, तर मनातल्या मनात दोन इंच कमी करा, तोंडावर आणू नका. यालाच जोडून "ग्राउंड श्रिंकेज" हा शब्द माहीत असू द्या. मचाणावरून राक्षस वाटलेला बक जवळ जाईपर्यंत आक्रसतो. हा शब्द शिकाऱ्याने स्वतःबद्दल वापरायचा, आपण त्याच्याबद्दल नाही.

मग विचारा किती पॉइंट, किती वयाचा वाटतो, ड्रेस्ड किती भरला. "कुठे मारला?" मात्र नको. फार तर कोणत्या काउंटीत एवढंच. जागा ही बायकोलाही न सांगायची गोष्ट असते, त्यामुळे उत्तर येईल "बॅक फॉर्टी"त, म्हणजे मागच्या चाळीस एकरांत. कुणाच्या मागच्या, ते विचारू नये. मांसाचं सॉसेज देऊ केलं तर हो म्हणा, पण "सीडब्ल्यूडीची टेस्ट केली का?" असं विचारायला लाजू नका. हरणांचा हा मेंदूचा रोग राज्यात २००२मध्ये सापडला, तेव्हापासून हा प्रश्न सभ्य मानतात.

आणि ती जखम. तिसऱ्या वर्षी माझा आत्मविश्वास वाढला होता. पेंट शॉपमधल्या एका बाईंनी पहिला बक मारला, सुंदर आठ पॉइंट. फोटो बघायला अर्धी कँटीन गोळा झालेली. मी मागून वाकून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "नाइस रॅक!" शांतता. मग वेल्डरच्या नाकातून कॉफी आली. रॅक या शब्दाचा बाईमाणसाच्या बाबतीत दुसरा एक अर्थ आहे, तो मला त्या दुपारी फोरमनने केबिनचं दार लावून समजावला. बाई स्वतः पोट धरून हसत होत्या म्हणून निभावलं, नाहीतर एचआरमध्ये गेलो असतो. तेव्हा बक कुणाचाही असो, "ग्रेट बक" म्हणा. रॅक शब्द वापरायचाच तर बोट फोटोवर ठेवून.

गेल्या ऑक्टोबरात रात्री साडेदहाला फोरमनचा मेसेज आला. कॅमेऱ्यातला करडा फोटो, झाडाआड अर्धवट बक, आणि खाली : "डूसा ऑर चौसा?" मी आजोबा द्यायचे तेच उत्तर दिलं, तोंड उघडून दाखव, मग सांगतो.